लाइट लपकली की ‘रेवा’ रीस्टार्ट: ओसीएफएस२, सामायिक स्टोरेज आणि न जुळणारे टाइमआउट

दोन सर्व्हर, खाली एकच स्टोरेज, दोन्हींवर ओसीएफएस२, म्हणजे एकच डिस्क अनेक सर्व्हरना एकाच वेळी वापरू देणारी फाइल सिस्टिम, माउंट केलेली. त्यांतला एक सर्व्हर अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो, आणि नेहमी तोच. लॉग उघडला तर एक ओळ रोजच्या कामाची आणि पुढची ओळ थेट नव्याने सुरू झाल्याची. मध्ये काहीही नाही. तुमच्याकडे असे होत असेल तर रॅम काढण्याआधी हे वाचा. आम्ही रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, बायोस अद्ययावत केला, आणि मशीनमध्ये काही खोट नव्हतीच हे कळेपर्यंत चार महिने गेले.

आधी मांडणी सांगतो. इंदूरला राजवाड्याजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या मंडळाचे स्कॅनिंग चालते. मराठी घरांत पेट्यांमध्ये पडलेले मोडी कागद, जुनी मासिके, हिशेबाच्या वह्या लोक आणून देतात. आम्ही स्कॅन करतो आणि मूळ कागद परत करतो. मी दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी इथले सर्व्हर बघतो. एकीचे नाव क्षिप्रा, दुसरीचे रेवा. स्कॅन केलेली पाने क्षिप्रावर येऊन पडतात. रेवा रात्रभर त्याच पानांवर काम करते: वाकडे पान सरळ करणे, कडा कापणे, डाग हलके करणे, पीडीएफ बांधणे. दोघींमधली एक बंद असली तरी दुसरीला सगळ्या फायली मिळाल्या पाहिजेत ही अट होती, म्हणून खाली आयस्कझीचे, म्हणजे नेटवर्कवरून डिस्कसारखे जोडता येणारे, स्टोरेज घेतले आणि त्यावर ओसीएफएस२ टाकले. तुमची अशी अट नसेल तर एनएफएसवर, म्हणजे एका सर्व्हरच्या फायली दुसऱ्याला नेटवर्कवरून देण्याच्या साध्या पद्धतीवर, भागवा. क्लस्टर फाइल सिस्टिम सांभाळायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाकडे आहे हे आधी ठरवावे लागते.

हे सगळे नव्याने करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण हीच चूक मी इतरांकडे दोनदा पाहिली आहे. स्टोरेजचा एकच लन (सर्व्हरला डिस्क म्हणून दिसणारा भाग) दोन्ही सर्व्हरना दिसतो म्हणून त्यावर साधी एक्स्ट४ (एकाच सर्व्हरसाठीची फाइल सिस्टिम) करून दोन्हीकडे माउंट करू नका. माउंट होते, फायली दिसतात, पहिला दिवस बरा जातो. पण प्रत्येक सर्व्हर मोकळ्या जागेची नोंद आपापल्या मेमरीत ठेवतो आणि दुसऱ्याने काय लिहिले ते त्याला कळत नाही. सियागंजच्या पेढीवर एकाच खातेवहीत दोन मुनीम एकमेकांना न विचारता लिहीत बसावेत, तसे होते. डेटा जातो, आणि गेला हे उशिरा कळते. ओसीएफएस२ किंवा जीएफएस२ घ्यायचे ते त्यातल्या लॉकच्या व्यवस्थेसाठी.

ओसीएफएस२ ओरॅकलने लिहिली आणि २००६ मध्ये ती लिनक्सच्या २.६.१६ कर्नलमध्ये आली. तिच्यासोबत ओटूसीबी नावाचा स्वतःचा छोटा क्लस्टर येतो, म्हणून दोन नोडच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या दोन सर्व्हरच्या, कामाला पेसमेकरसारखे वेगळे क्लस्टर सॉफ्टवेअर उभे करावे लागत नाही. हा ओटूसीबी दोन गोष्टींवर लक्ष ठेवतो आणि दोन्हींची घड्याळे वेगळी आहेत. पहिली डिस्कवरची नाडी, म्हणजे हार्टबीट: प्रत्येक नोड दर २ सेकंदांनी सामायिक डिस्कवर आपल्या ठरलेल्या जागी एक खूण लिहितो. दुसरी नेटवर्कवरची: नोड एकमेकांशी टीसीपीने, ७७७७ पोर्टवर बोलत राहतात. डिस्कवरची खूण ६० सेकंद लिहिता आली नाही तर नोड स्वतःला रीस्टार्ट करतो. नेटवर्कवर ३० सेकंद काहीच ऐकू आले नाही तर संपर्क तुटला असे धरून कोणी राहायचे आणि कोणी जायचे याचा निवाडा होतो.

नोडने स्वतःला मारून घेणे क्रूर वाटते, पण त्याला कारण आहे. गप्प झालेला नोड मेलाच असेल असे नाही. तो अडकलेला असू शकतो, आणि मिनिटभराने जागा होऊन जुने लिखाण डिस्कवर टाकू शकतो. तोपर्यंत दुसऱ्याने त्याचे जर्नल (चालू लिखाणाची नोंद) वाचून दुरुस्ती केली असेल, तर ते जुने लिखाण सगळे बिघडवेल. म्हणून संशय आला की आधी खात्रीने बंद, मग दुरुस्ती. यालाच फेन्सिंग म्हणतात. फेन्सिंग बंद कसे करायचे असे विचारणारे बरेच जण भेटतात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की ते करू नका. फेन्सिंग झाले म्हणजे फाइल सिस्टिमने तुमचा डेटा वाचवला. कशापासून वाचवला ते शोधायचे.

काकांची वही

रेवा पहिल्यांदा रीस्टार्ट झाली ती मार्चमध्ये. मग एप्रिलमध्ये दोनदा, मे महिन्यात चार वेळा. दर वेळी रात्रीचा पानांचा ढीग अर्धवट राहायचा, सकाळी स्कॅनिंगच्या ताई येऊन विचारायच्या, “कालची वही अजून तयार नाही?” आणि मी पुन्हा पहिल्या पानापासून काम लावायचो. क्षिप्राला कधी काही झाले नाही. दोन्ही मशीन एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेली. मग दोष रेवाच्या हार्डवेअरचा, असे मी धरून चाललो.

आमच्याकडे एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचे पाणी तेच बघतात, आणि त्यासाठी एक दोनशे पानी वही ठेवतात: तारीख, लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली, बॅटरीत पाणी घातले का. जूनच्या पहिल्या आठवड्यात माळव्यात वारे सुटतात तेव्हा लाइट दिवसातून तीन-चारदा लपकते, आणि काका प्रत्येक वेळी उठून घड्याळ बघून लिहितात. रेवाच्या रीस्टार्टच्या वेळा मी कागदावर काढून बसलो होतो, ते काकांनी पाहिले आणि वही पुढे सरकवली. “बघ रे, यातले काही जुळतंय का?”

पहिल्या नजरेत जुळले नाही. वहीत ७.४२ तर माझ्याकडे ७.४९. वहीत ९.०५, माझ्याकडे ९.११. काका म्हणाले, “अरे, पण फरक तर दर वेळी सहा-सात मिनिटांचाच आहे ना?” आणि खरेच, सातही नोंदींत फरक तेवढाच होता. मग लक्षात आले की मी ज्या वेळा काढल्या होत्या त्या मशीन पुन्हा उभी राहिल्याच्या होत्या, पडल्याच्या नव्हत्या. ‘लास्ट’ ही कमांड रीबूटची जी वेळ दाखवते ती कर्नल नव्याने सुरू झाल्याची असते. त्याआधी आमच्या सर्व्हरला मेमरी आणि डिस्कचे रेड (RAID) कार्ड तपासायला पाच मिनिटे लागतात. ती वजा केली की प्रत्येक रीस्टार्ट लाइट जाण्याला येऊन चिकटत होता.

पण सर्व्हर ऑनलाइन यूपीएसवर होते, स्टोरेजही आणि स्टोरेजचे दोन्ही छोटे स्विचही. लाइट गेली तरी त्यांना कळायलाच नको. मग कळत कोणाला होते?

वायरमनला बोलावले. त्याने स्टुलावर चढून पत्र्याची पट्टी काढली आणि वरूनच सांगितले, “भिया, ये वाला स्विच तो सीधा बोर्ड से चल रहा है.” ऑफिसचा मुख्य नेटवर्क स्विच ना यूपीएसवर होता ना इन्व्हर्टरवर; सरळ भिंतीतल्या सॉकेटवर. लाइट अर्धा सेकंद लपकली तरी तो बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा, आणि त्याला उभे राहायला दीड मिनिट लागायचे. वर त्यात जुने स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये केबलींचे वर्तुळ होऊ न देणारी व्यवस्था, चालू होते: प्रत्येक पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो, मगच डेटा पुढे सोडतो. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या लपकण्याला दोन मिनिटांची शांतता.

तरीही प्रश्न उरतोच. ऑफिसचा स्विच गेला तर ऑफिसचे नेटवर्क जाईल. क्लस्टरला त्याचे काय? मी क्लस्टरची फाइल उघडली, ती क्लस्टर डॉट कॉन्फ, आणि दोन्ही नोडच्या पुढे ऑफिसचेच आयपी पत्ते. मीच टाकलेले. स्टोरेजसाठी वेगळे स्विच, वेगळी कार्डे, वेगळ्या केबल असे सगळे नीट केले होते, पण नोडनी एकमेकांशी बोलायचा रस्ता मात्र ऑफिसमधून जात होता. मांडणी करताना होस्टनेमला जो पत्ता मिळतो तोच लिहिला गेला, आणि सगळे चालत होते म्हणून पुन्हा कोणी पाहिले नाही.

नेहमी तीच का

आता या सगळ्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट, जिच्यामुळे आम्ही चार महिने चुकीच्या मशीनमागे लागलो. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये नेटवर्क तुटले आणि डिस्कवर मात्र दोघांच्या खुणा पडत राहिल्या, तर प्रत्येक जण स्वतःकडे बघतो: दोनपैकी एकाशी, म्हणजे फक्त स्वतःशी, माझा संपर्क आहे. बरोबर अर्धे. बहुमत कोणाकडेच नाही. अशा वेळी ओटूसीबीचा नियम साधा आहे: ज्या अर्ध्यात सर्वांत लहान क्रमांकाचा नोड आहे ते राहील, दुसरे जाईल. क्षिप्राचा क्रमांक ०, रेवाचा १. म्हणून दर वेळी रेवाच जायची. तिची रॅम बदला, पेटी बदला, आख्खी मशीन बदला, तरी तीच जाणार.

याची खात्री हवी होती, नुसता तर्क नको. अडचण अशी की असे रीस्टार्ट होताना लॉगची शेवटची ओळ डिस्कवर लिहायला कर्नलला सवडच मिळत नाही. रीसेट तत्काळ होतो. लॉग दुसऱ्या मशीनला पाठवणारे नेटकॉन्सोल लावावे तर नेमके नेटवर्कच त्या क्षणी गेलेले. यावर उपाय आहे. ओटूसीबीची फेन्स करण्याची पद्धत कॉन्फिगएफएसमधल्या (कर्नलची सेटिंग्ज फायलींच्या रूपात दाखवणारी जागा) क्लस्टरच्या फोल्डरात ‘फेन्स मेथड’ नावाच्या फाइलमध्ये असते. मूळ किंमत ‘रीसेट’. ती ‘पॅनिक’ केली आणि कर्नलची पॅनिकनंतर आपोआप रीस्टार्ट होण्याची सेकंदे शून्यावर ठेवली, की मशीन पडताना शेवटचा संदेश स्क्रीनवर तसाच राहतो. मात्र मग ती बटण दाबेपर्यंत उठत नाही. म्हणून कोणी तरी जागेवर असेल तेव्हाच हे करा, आणि काम झाले की परत ‘रीसेट’ करा.

आम्ही रेवाला मॉनिटर जोडून ठेवला आणि वाऱ्याची वाट पाहिली. तिसऱ्या संध्याकाळी ताईंनी मोबाइलवर फोटो पाठवला. कर्नलचे म्हणणे असे होते: मी या नोडला फेन्स करतो आहे, कारण तो दोनपैकी एका नोडच्या अर्ध्या कोरममध्ये आहे, आणि त्या अर्ध्यात सर्वांत लहान चालू नोड, म्हणजे शून्य, नाही. शब्दाशब्दाने तोच नियम. तुमच्याकडेही स्क्रीनवर ‘हाफ-कोरम’ आणि ‘लोएस्ट ॲक्टिव्ह नोड’ हे शब्द दिसले तर दुरुस्ती नेटवर्कमध्ये करायची आहे, मशीनमध्ये नाही.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. क्लस्टर चालू असताना ही फाइल बदलून उपयोग नाही. आम्ही रविवारी सकाळी दोन्हीकडून फाइल सिस्टिम अनमाउंट केली आणि ओसीएफएस२ची ‘माउंटेड’ नावाची कमांड चालवून कोणत्याही नोडवर ती माउंट नाही याची खात्री केली. मग दोन्हीकडे क्लस्टर ऑफलाइन केला. क्षिप्रा आणि रेवाच्या मोकळ्या पोर्टांमध्ये सरळ एक केबल टाकली, त्या पोर्टांना वेगळ्या रेंजचे स्थिर पत्ते दिले, आणि क्लस्टरच्या फाइलमध्ये ते पत्ते लिहिले. नोडची नावे तशीच राहू द्यायची. ती होस्टनेमशी जुळली पाहिजेत. फाइल दोन्हीकडे अक्षरशः सारखी हवी, म्हणून एकीकडे लिहून दुसरीकडे कॉपी करा, हाताने दोनदा लिहू नका. फायरवॉलमध्ये नव्या पोर्टवर ७७७७ उघडायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि दुसऱ्या नोडवर माउंट अर्धा तास अडकून राहिले. शेवटी क्लस्टर ऑनलाइन, माउंट, आणि ७७७७चे कनेक्शन खरेच नव्या पत्त्यांवरून जाते आहे का हे डोळ्यांनी पाहणे.

ऑफिसचा स्विच यूपीएसवर घेतलाच, पण नंतर. आधी तो घेतला असता तर समस्या झाकली गेली असती. एखाद्या दिवशी कोणी तो स्विच अपडेटसाठी बंद केला असता आणि रेवा पुन्हा गेली असती.

आणि मग दोघी एकदम

तीन आठवडे शांत गेले. मग एका दुपारी ताईंचा फोन, “अरे, फोल्डर उघडतच नाहीये, नुसतं फिरतंय.” मी बोलत असतानाच मागून पंखे जोरात सुरू झाल्याचा आवाज फोनवर आला. क्षिप्रा आणि रेवा, दोन्ही एकाच मिनिटात रीस्टार्ट झाल्या होत्या. लाइट गेलीच नव्हती.

नेटवर्क तुटले तर एक जातो, दुसरा राहतो. दोन्ही एकदम गेले तर नेटवर्कच्या निवाड्याचा संबंध नाही. डिस्कवरची नाडी दोघांचीही चुकली आहे. या वेळी सरळ केबलवरून नेटकॉन्सोल लावलेले होते, म्हणून रेवाचा शेवटचा संदेश क्षिप्राकडे आणि क्षिप्राचा रेवाकडे अर्धामुर्धा तरी पोहोचला होता. त्यात एक ओळ होती: ‘हार्टबीट राइट टाइमआउट टू डिव्हाइस एसडीबी आफ्टर ६०००० मिलिसेकंद’.

या ओळीतला आकडा सगळे वाचतात. मी तुम्हाला डिव्हाइसचे नाव वाचायला सांगेन. आमच्याकडे स्टोरेजला दोन रस्ते आहेत आणि त्यांच्यावर मल्टिपाथ, म्हणजे एक रस्ता गेला की दुसऱ्यावर नेणारी व्यवस्था, बसवलेली आहे. म्हणजे नाव डीएम आणि पुढे आकडा असे यायला हवे होते. इथे ‘एसडीबी’, म्हणजे एकाच रस्त्याचे नाव. दोन्ही सर्व्हरवर फाइल सिस्टिम मल्टिपाथवर माउंट नव्हतीच. ती थेट एका रस्त्यावर बसली होती. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय माउंट करायचे त्या यादीत, आम्ही लेबलने माउंट केले होते. सुरू होताना मल्टिपाथ तयार व्हायच्या आत ते लेबल एसडीबीवर सापडले आणि माउंट झाले. एकदा डिस्क वापरात गेली की मल्टिपाथ तिला आपल्यात घेऊ शकत नाही. दोन रस्ते बांधून आम्ही एकावरूनच चालत होतो.

त्या एका रस्त्याला झाले काय, ते कपाटात सापडले. स्टोरेजच्या पहिल्या पोर्टमधल्या केबलच्या टोकाची छोटी प्लास्टिकची चिमटी तुटली होती. कपाटाचे दार लावले की दार केबलला टेकायचे आणि टोक अर्धा मिलिमीटर बाहेर सरकायचे. त्या दुपारी ताईंनी झाडलोट करून दार नीट लावले होते. जेल रोडवरून नवी केबल आणली, पण केबल बदलून हा विषय संपवणे चूक ठरले असते. केबल, पोर्ट, स्विच यांतले काही ना काही कधी तरी जाणारच. दोन रस्ते त्यासाठीच असतात.

आता आकड्यांचा हिशेब. आयस्कझीचा इनिशिएटर (सर्व्हरकडची बाजू) दर ५ सेकंदांनी स्टोरेजला ‘आहेस का’ असे विचारतो आणि उत्तराची ५ सेकंद वाट बघतो. म्हणजे रस्ता मेला हे कळायला साधारण १० सेकंद. त्यानंतर तो लगेच चूक कळवत नाही. कनेक्शन परत येईल म्हणून अडकलेली कामे धरून ठेवतो. किती वेळ? ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’ इतका, आणि तो मुळात १२० सेकंदांचा आहे. दहा अधिक एकशेवीस. ओसीएफएस२ची नाडी मात्र साठाव्या सेकंदालाच हात झटकते. रस्ता गेला ही बातमी वर पोहोचायच्या आतच सर्व्हर रीस्टार्ट झालेला असतो, दुसरा रस्ता कितीही ठणठणीत असो.

अशा वेळी सगळीकडे एकच सल्ला मिळतो: हार्टबीटचा थ्रेशोल्ड वाढवा. तो मुळात ३१ असतो. हिशेब असा की एक वजा करून दोनने गुणायचे, म्हणून ६० सेकंद. ६१ केला की १२०. आम्ही पहिल्या फेरीत, मूळ कारण माहीत नसताना, तोही वाढवून पाहिला होता. तेव्हा दोष नेटवर्कचा होता, त्यामुळे काहीच फरक पडला नाही. शिवाय त्याची किंमत असते: एखादा नोड खरोखर मेला तर तेवढा सगळा वेळ दुसरा नोड त्याच्याकडची लॉक सुटण्याची वाट बघत थांबतो, आणि ताईंसमोरचे फोल्डर तेवढा वेळ फिरत राहते. म्हणून माझे मत असे: वरचे घड्याळ लांबवण्याआधी खालची घड्याळे आखूड करा. आम्ही थ्रेशोल्ड परत ३१ वर आणला. हा आकडा दोन्ही नोडवर सारखाच हवा, नाहीतर ते एकमेकांशी जोडलेच जात नाहीत.

माउंट मल्टिपाथच्या नावाने केले, तेही स्टोरेजच्या ओळख क्रमांकाला दोन्हीकडे एकच टोपणनाव देऊन, आणि एफएसटॅबमध्ये ‘नेटडेव्ह’चा पर्याय घातला, म्हणजे नेटवर्क येण्याआधी माउंटची घाई होत नाही आणि बंद होताना नेटवर्क आधी जाऊन सगळे लटकत नाही. रिप्लेसमेंट टाइमआउट १५ सेकंद केला. दहा अधिक पंधरा, पंचवीस सेकंदांत मल्टिपाथला कळेल आणि तो दुसऱ्या रस्त्यावर जाईल. साठला अजून पस्तीस बाकी. मल्टिपाथमधला ‘नो पाथ रिट्राय’ कायम ‘क्यू’वर ठेवू नका. सगळे रस्ते गेल्यावर कामे अनंत काळ धरून ठेवली म्हणून सर्व्हर वाचत नाही, कारण नाडीचे घड्याळ चालूच असते.

त्याच संध्याकाळी, ताई घरी गेल्यावर, मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावले आणि पहिल्या पोर्टची केबल उपटली. पंचवीस सेकंद झाले, काही नाही. चाळीस. दुसऱ्या मिनिटाच्या सुरुवातीला रेवा रीस्टार्ट, पाठोपाठ क्षिप्रा. काका दारात उभे होते, काही बोलले नाहीत.

चूक अशी होती: मी आकडा आयस्कझीच्या मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये बदलला होता. ती फाइल फक्त नव्याने शोधलेल्या टार्गेटला (स्टोरेजकडच्या बाजूला) लागू होते. आधी शोधलेल्या टार्गेटची वेगळी नोंद त्या वेळच्या आकड्यांसह जपून ठेवलेली असते, आणि आमच्या नोंदीत १२० तसाच होता. आयस्कझीॲडम या कमांडने प्रत्येक टार्गेटच्या नोंदीतला आकडा बदलावा लागतो, मग लॉगआउट करून पुन्हा लॉगइन. नंतर चालू सेशनचा तपशील मागवून ‘रिकव्हरी टाइमआउट’ पुढे खरेच १५ आहे का ते बघा. फाइलमध्ये काय लिहिले आहे यावर विसंबू नका. मल्टिपाथच्या काही आवृत्त्या हा आकडा स्वतःच बदलतात, तोही याच जागी दिसतो.

दुसऱ्यांदा केबल उपटली. बाविसाव्या सेकंदाला मल्टिपाथने पहिला रस्ता मेला असे लिहिले, क्षिप्रावरची कॉपी होणारी फाइल पुन्हा हलू लागली. केबल परत लावली, दुसऱ्या पोर्टची उपटली, तसेच. मग काकांनी ऑफिसच्या स्विचचे बटण बंद केले आणि आम्ही पाच मिनिटे नुसते बसून राहिलो. काही झाले नाही. काकांनी वहीत ‘सर्व्हर’ असा नवा रकाना आखला.

तपासताना वाटेत दोन गोष्टी सापडल्या, त्या इथेच लिहून ठेवतो. रेवाची डिस्क आम्ही क्षिप्रावरून क्लोन केली होती, त्यामुळे दोघींचे आयस्कझी इनिशिएटरचे नाव एकच होते. स्टोरेजला ती एकच मशीन वाटते, आणि एकीच्या लॉगइनवर दुसरीचे सेशन तुटू शकते. क्लोन केल्यावर हे नाव पहिल्यांदा बदला. दुसरे, जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पाकिटे. सर्व्हर आणि स्टोरेजवर एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, ९००० होता, पण एका छोट्या स्विचवर नव्हता. साधे पिंग जाते, लॉगइनही होते, आणि मोठे लिखाण आले की सगळे ठप्प. तुकडे न पाडण्याची अट घालून ८९७२ बाइटचे पिंग करा. ते गेले तरच रस्ता खरा.

आता तिसरा सर्व्हर येतो आहे, फक्त वाचकांना पाने दाखवण्यासाठी. तीनही नोड चालू असतील तेव्हा निम्मे-निम्मे असा पेच पडणार नाही, एकटा पडलेला तेवढा जाईल. पण सरळ केबल काढून क्लस्टरचे बोलणे पुन्हा एका स्विचवर न्यावे लागेल. तो स्विच घेऊन झाला आहे आणि यूपीएसला जोडलाही आहे. फॉरमॅट करताना नोडचे स्लॉट दोनच ठेवले होते, ते वाढवायचे काम येत्या रविवारी, दोन्ही सर्व्हर अनमाउंट करून.